थुंकी आली का?

आमच्या पथकातले किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही. पाण्यातून वर यायचं, कपडे बदलायचे, तेवढ्यात कोणीतरी सुरू करतो आणि चहा थंड होईपर्यंत थांबत नाही. हसतो आम्ही खूप! पण खरं सांगू का, हे सगळे भीतीचे किस्से आहेत. वर आल्यावर त्यांचं हसू होतं, एवढंच.

मी मोताळ्यात मोटर वाइंडिंग करतो. विहिरीतल्या मोटरी काढता काढता पाण्याची ओळख झाली आणि कुठे कोणी बुडालं की शोधायला जाणाऱ्या पथकात शिरलो. आम्ही चौघं. नौदलातून रिटायर झालेले भास्करभाऊ मुख्य. शेगावात लॉज चालवणारा वानखडे, शाळेत पीटी शिकवणारा गवई, आणि चौथा मी. मला सगळे मिस्त्रीच म्हणतात.

पाठीवर सिलेंडर, तोंडात नळी, कमरेला दोरी, डोळ्यांवर मास्क. यातला सगळ्यात दगाबाज तो मास्क! श्वास गरम, बाहेरचं पाणी गार. काचेवर आतून वाफ धरते आणि समोर सगळं पांढरं होतं. उपाय साधा आहे. उतरण्याआधी काचेला आतून थुंकी लावायची, बोटाने चोळायची, पाण्यात जरा विसळायची. काच साफ राहते.

*

माझी पहिली वेळ. धरणाच्या काठावर अख्खं गाव जमलेलं. एवढ्या लोकांसमोर नव्याकोऱ्या मास्कमध्ये थुंकायचं कसं? मला लाज वाटली. नुसताच धुतला आणि उतरलो.

जरा खाली गेलो आणि काच पांढरी झाली. हात डोळ्यांसमोर धरला, हातच दिसेना. वर कुठे, खाली कुठे, कळेना. मी वेड्यासारखे हातपाय मारले. काहीतरी हाताला लागलं, ते घट्ट धरलं. तो भाऊंचा पाय होता. तेव्हा भाऊही पाण्यात उतरायचे.

काठावर आलो तो हुंदके देतच. भाऊंनी विचारलं, “थुंकला होता काय?”

“लोकं पाहून राह्यले होते ना, भाऊ.”

“मंग आता लोकायनं तुले रडतानी पाह्यलं. हे बरं झालं काय बे?”

*

तेव्हापासून आमच्याकडे नियमच झाला. उतरण्याआधी भाऊ प्रत्येकाला विचारणार, “थुंकी आली का?”

त्यात मास्कपेक्षा माणसाची परीक्षा जास्त. घाबरलेल्या माणसाच्या तोंडाला कोरड पडते, थुंकू म्हटलं तरी थुंकी येत नाही. ज्याला आली नाही, त्याने त्या दिवशी काठावर बसून दोरी धरायची. दुसऱ्याची थुंकी चालणार नाही. माझ्यावर दोनदा दोरी धरायची पाळी आली आहे. गवईवर कधीच नाही! त्याच्या गालात कायम खर्रा असायचा, तोंड कोरडं पडायला सवडच नव्हती.

एकदा त्याने तीच खर्र्याची पिंक काचेला चोळली आणि उतरला. खर्र्यात सुपारी, तंबाखू, आणि वर चुना! आत जरासं पाणी शिरलं आणि चुना डोळ्यांत गेला. गवई वर आला तो बोंबलतच, “डोये गेले माह्ये!”

भाऊंनी कॅनभर पाण्याने त्याचे डोळे धुतले. डोळे उघडले, दिसायला लागलं, तेव्हा भाऊंनी विचारलं, “काचेवर वाफ धरली होती काय?”

“नाई भाऊ. काच एकदम साफ होती. डोयेच उघडत नव्हते!”

*

वानखडेची अडचण वेगळी. दसऱ्याला आम्ही सगळ्या सामानाची पूजा करतो. सिलेंडरला हार, मास्कच्या काचेवर हळदकुंकू. पूजा झालेल्या वस्तूत थुंकायचं, हे वानखडेला काही केल्या जमेना.

“पाप लागते, भाऊ,” म्हणाला. त्याने लॉजवरची शाम्पूची पुडी आणली, ती काचेला चोळली. मग शाम्पू डोळ्यांत जाईल या भीतीने काच इतकी धुतली की शाम्पूचा वासही उरला नाही. आणि धरणात उतरला.

थोड्याच वेळात दोरीला एकापाठोपाठ एक झटके यायला लागले. ओढून काढला, तर वानखडेचे ओठ काळेनिळे. “खाली कोनीतरी उभं हाये! हात वर करून! मले थांब म्हनते!”

काठावरच्या बाया रडायला लागल्या. उतरायचं मलाच होतं. थुंकी कशीबशी आली. गेलो, आणि खरंच कोणीतरी उभं होतं. हात वर, तळवा माझ्याकडे. पण माझी काच साफ होती, म्हणून सोंड दिसली. विसर्जनाची मूर्ती! अर्धी विरघळलेली, गाळात रुतून उभी.

वर येऊन सांगितलं. भाऊ वानखडेकडे वळले. “अबे, देव तुले आशीर्वाद देत होता, अन् तू पयाला?”

आता वानखडे आधी मास्कला नमस्कार करतो, मग थुंकतो.

*

आणि आता गवईच्या गावचा किस्सा. हा सांगताना आमच्यातलं कोणी हसत नाही.

साखरखेर्ड्याच्या बाजूला त्याचं गाव. तिथल्या जुन्या विहिरीच्या काठावर एका म्हाताऱ्याच्या चपला सापडल्या आणि म्हातारा सकाळपासून गायब. वानखडे लॉजच्या कामात अडकलेला. कानाचं ऑपरेशन झाल्यापासून भाऊंना डॉक्टरांनी पाणी बंद केलेलं. राहिलो गवई आणि मी.

गाडीत गवईच सांगत होता, “लहानपनी त्या विहिरीकडं पाह्यलं तरी माय म्हने, तंगडं तोडीन!” आम्ही पोहोचलो तेव्हा त्याची आई बायांमध्ये उभी होती. डोक्यावर पदर, नजर पोरावर. तिच्यासमोर नको म्हणून गवईने गालातला खर्रा गाडीतून उतरायच्या आधीच टाकून दिला होता.

“थुंकी आली का?” भाऊंनी विचारलं. गवईने मास्क तोंडाशी नेला, थू केलं, बोटाने चोळलं आणि उतरला.

दोरी माझ्या हातात. मी एक झटका द्यायचा, खालून त्याने एक झटका द्यायचा. पहिल्यांदा उत्तर आलं. दुसऱ्यांदा आलं. मग आलं नाही. मी पुन्हा दिला. दोरी भिंतीला बांधल्यासारखी ताठ. ओढली, येईना.

तेवढ्यात म्हाताऱ्याच्या मुलाचा फोन वाजला. म्हातारा शेगावात होता! गजानन महाराजांना अनवाणी जायचा नवस बोलला होता, चपला काठावर काढून तसाच एसटीत बसून गेला होता, कोणाला न सांगता.

म्हणजे खाली कोणीच नव्हतं. खाली फक्त गवई होता.

मी सिलेंडर चढवला, मास्क तोंडाशी नेला. काहीच येईना. जीभ टाळूला चिकटलेली. भाऊंनी विचारलं नाही, त्यांना दिसत होतं. त्यांनी मास्क माझ्या हातातून घेतला, स्वतःचाच नियम मोडून थुंकायला गेले. त्यांच्याही तोंडून नुसती हवा आली.

“आना इकडं.”

गवईची आई पुढे आली होती. तिने भाऊंच्या हातातून मास्क घेतला. व्यवस्थित थुंकली. पोराचं तोंड पुसावं तशी अंगठ्याने काच चोळली आणि माझ्या हातात दिली.

“जाय. घेऊन ये त्याले.”

गेलो. बॅटरीच्या उजेडात सगळं लख्ख दिसत होतं. गवईने मोटरीचा पाइप दोन्ही हातांनी कवटाळलेला. दोरी त्या पाइपला आणि जुन्या केबलला गुंडाळून बसलेली. आणि त्याच्या मास्कची काच दुधासारखी पांढरी. मास्कात पाणी घेऊन काच धुता येते, हे आम्हाला शिकवलेलं आहे. घाबरलेल्या माणसाला ते आठवत नाही. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला तर तो किंचाळला, बुडबुडेच बुडबुडे. दोरी कापली, त्याचा हात धरला आणि वर आणला.

काठावर आडवा पडून गवई खोकत होता. खोकता खोकताच म्हणाला, “थुंकी नव्हतीच, भाऊ. माय पाहून राह्यली होती, म्हून नुसता आवाज काढला.”

ते ऐकून त्याची आई हात उगारून त्याच्याकडे धावली. जवळ आली. मारलं नाही, शिव्या द्यायला तोंड उघडलं. शब्द फुटेना. पुन्हा उघडलं. ओठ ओठाला चिकटत होते. उगारलेला हात तिने हळूच खाली आणला, ओंजळ केली आणि खुणेनेच माझ्याकडे प्यायला पाणी मागितलं.