गाळणी आणि गाळलेली जागा

कोवळ्या उन्हात ओतल्या जाणाऱ्या नव्या ऑइलची धार तुम्ही कधी निवांत पाहिली आहे का? गेल्या रविवारी, पौषातल्या गारठ्यात, मेडशीच्या आमच्या अंगणात उभा राहून मी ती पाहत होतो. डब्याच्या तोंडातून निघून इंजिनाच्या मुखात उतरणारी ती धार इतकी संथ, इतकी अखंड आणि इतकी निर्मळ होती, की घाण्यावरून नुकतंच आणलेलं जवसाचं तेलच आठवावं. तिच्या आरपार पलीकडची तुरीची रांग पिवळसर दिसत होती. बाजूलाच एका फुटक्या घमेल्यात इंजिनातून काढलेलं जुनं ऑइल पडलं होतं, काळंकुट्ट, निस्तेज, बोट बुडवायचीही इच्छा होऊ नये असं. एकाच द्रव्याच्या या दोन अवस्था! मधल्या काळात त्या द्रव्याने किती धूळ, किती काजळी, किती झिजलेल्या लोखंडाचा चुरा अंगावर घेतला असेल, याचा विचार गाडी चालवताना आपल्यापैकी कितीजण करतात?

मी मराठीचा मास्तर. मालेगावच्या शाळेत शिकवतो आणि रविवारी गावी येतो. यंत्रापुढे उभा राहिलो की माझ्या मनात आधी शब्द जागे होतात, हा माझा जन्माचा रोग आहे. आता 'गाळणे' हेच क्रियापद घ्या. आपण घाम गाळतो, चहा गाळतो, वैद्यबुवा चूर्ण वस्त्रगाळ करतात, शिशिरातली झाडं पानं गाळतात आणि आम्ही मास्तर मंडळी परीक्षेत गाळलेल्या जागा भरायला देतो. छपरातून पाणी गळतं आणि यादीतून नावही गळतं. राखण्यासारखं ते राखायचं आणि टाकण्यासारखं ते टाकायचं, एवढा मोठा विवेक आपल्या भाषेने या इवल्याशा शब्दाच्या पदरात बांधून ठेवला आहे. गेल्या पंधरवड्यात आमच्या घरावर जे संकट आलं, तेही याच शब्दातून आलं आणि निवारण झालं तेही जवळपास याच शब्दाने.

माझा थोरला भाऊ, ज्याला अवघं गाव दादा म्हणतं, भाजीपाल्याची शेती करतो. वांगी, मेथी आणि सांबार. बाहेरचे लोक ज्याला कोथिंबीर म्हणतात तोच आमचा सांबार. हा माल अकोल्याच्या बाजारात नेणारी एक जुनी पिकअप गाडी आमच्या दारात उभी असते. गेल्या वर्षी दादाच्या मणक्याची चकती सरकली आणि डॉक्टरांनी त्याला स्टिअरिंग धरायची बंदी केली. तेव्हा सुशीलावहिनी पुढे झाल्या. वाशिमला जाऊन रीतसर लायसन काढून आणलं, पदर कमरेला खोचला आणि पहाटे गाडी घाटाकडे काढली. त्या पहिल्या दिवशी मी रस्त्याच्या कडेला उभा होतो. शेजारून जाताना त्यांनी जो हॉर्न वाजवला, त्यात एखाद्या रणशिंगाचा आनंद होता हो!

गावाला मात्र हा आनंद पचायला जड गेला. बसस्टँडवरच्या हॉटेलात बाकडी अडवून बसणाऱ्यांनी भाकीत करून टाकलं की हे इंजिन काही फार दिवस टिकत नाही. दादाच्या कानावरही ते रोज पडे. तोही डळमळू लागला होता. 'काही बिघाड झाला तं मंग ड्रायव्हर ठेवू,' असं तो एकदोनदा बोललाही. म्हणजे एकच बिघाड, आणि वहिनींच्या हातातून ते चाक गेलं असतं. त्यांना हे पक्कं ठाऊक होतं.

दादाबद्दल आणखी एक गोष्ट तुम्हाला सांगायला हवी. इतक्या वर्षांच्या संसारात त्याच्या तोंडून मी वहिनींचं नाव कधी ऐकलेलं नाही. 'अवो', 'आयकलं काय', फारच झालं तर 'घरचे लोक'. लग्नात घास भरवताना नाव घ्या म्हणून साऱ्या बायकांनी त्याला घेरलं, तेव्हा या पठ्ठ्याला जो खोकला लागला तो पंगती उठेपर्यंत थांबला नाही. त्याचा त्यांच्यावर जीव नाही असं मुळीच नाही. पण ते नाव त्याच्या जिभेवर येता येता कुठेतरी गाळलं जातं.

तर ऑइल फिल्टर. आमच्या घरात त्याला फिल्टर कुणी म्हणत नाही. दादाने पहिल्यापासून त्याचं नाव 'गाडीची गाळणी' ठेवलं आहे. मला तर तो शब्द इतका आवडला होता, की वर्गात मी त्याचं कौतुक करून आलो होतो. पण शब्द आपल्याबरोबर आपल्या सवयीही घेऊन येतो, हे कुणाच्या ध्यानात आलं होतं? घरातली गाळणी कधी कुणी फेकतं का? ती धुतात, झटकतात आणि खुंटीला अडकवतात. घरी बसून कंटाळलेल्या दादाने ऑइल बदलण्याच्या दिवशी तेच केलं. वहिनींनी काढून दिलेला जुना फिल्टर घेतला, त्यात डिझेल घालून खळखळ धुतला आणि भिंतीवर उन्हात पालथा घातला. वहिनी म्हणाल्या होत्या, "नवा आणा ना, मालेगावले कायले भेटत नाई?" तेव्हा दादाने मोठ्या आत्मविश्वासाने उत्तर दिलं होतं, "धुतली का झाली नवी. गाळणी काय फेकाची चीज हाय काय?"

आणि तो धुतलेला डबा पुन्हा इंजिनाला बसला.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी पातूरच्या घाटात, मागे वांग्यांची पोती आणि सांबाराच्या जुड्या असताना, वहिनींच्या समोर ऑइलचा लाल दिवा लागला. हा दिवा भारी मितभाषी असतो. एरवी मुकाट असतो, आणि बोलतो तेव्हा एकच गोष्ट बोलतो: थांब. वहिनींनी गाडी कडेला घेतली आणि चावी काढून घेतली. मागचा एक ट्रकवाला उतरून आला आणि म्हणाला, "अवो बाई, तो दिवा तं आमचा बी लागते. चालू द्या तशीच, पातूरले पाहू." बाजाराची वेळ टळत होती, सांबार मान टाकत होता, आणि थांबलेली गाडी पाहून गाव काय म्हणेल हेही डोळ्यांपुढे होतंच. काय झालं असेल त्यांच्या मनाचं! पण त्यांनी चावी मुठीत घट्ट धरली आणि म्हणाल्या, "तुमचा लागत असन भाऊ. माही गाडी थांबली म्हंजे थांबली." हे मला त्या ट्रकवाल्यानेच पुढे सांगितलं, आणि सांगताना त्याच्या सुरात चेष्टा नव्हती.

गाडी दोराने ओढत मेडशीच्या बसस्टँडवर आली, तेव्हा बाकड्यांवरची मंडळी उठून उभी राहिली. मालेगावचे चाचा आले होते. स्पेअर पार्टचं दुकान आणि शेजारीच गॅरेज, असा त्यांचा पसारा आहे. दादाही कमरेचा पट्टा बांधून येऊन उभा होता. निरोप मिळताच मीही मालेगावहून धावत आलो तो कानावर आलं, "म्या सांगतलंच होतं, बाईच्या हाती इंजन टिकत नसते." वहिनी टायरपाशी उभ्या होत्या, एक अक्षर बोलत नव्हत्या. तो डबा भिंतीवर वाळताना त्यांनी स्वतः पाहिला होता. एका वाक्यात त्यांची सुटका होती. पण भर बसस्टँडवर नवऱ्याची चूक सांगण्यापेक्षा त्यांनी स्वतः बोल खाणं पत्करलं होतं.

चाचांनी फिल्टर काढला, करवतीने कापला आणि आतला कागद बाहेर ओढला. नव्या फिल्टरमध्ये हा कागद निऱ्यांसारखा घडी घडीने बसवलेला असतो. इथे त्याचा लगदा झाला होता.

"हा डबा कोनं धुतला?" चाचा म्हणाले. "कागद हाय हा, फडकं नाई. पार फाटला, ऑइलमंदी डिझेल गेलं ते अलग. भाभीनं तथीच चाबी काढली म्हणून बरं. अजून दोन वळणं चालवली असती तं इंजन जाम होतं."

मी दादाकडे पाहिलं. त्याच्यासारख्या माणसाला चारचौघांत मान खाली घालणं किती अवघड! पण त्याने मान खाली घातलीच नाही. त्या बाकड्यांकडेच वळून तो मोठ्याने म्हणाला, "म्या धुतला. गाळणी समजून म्या धुतला. गाडी इनं वाचवली." 'इनं' म्हणाला, नाव तेव्हाही गाळलंच, पण बोलला!

मग पुढच्या शनिवारी नवा फिल्टर घ्यायला आम्ही तिघे मालेगावला चाचांच्या दुकानात गेलो. चाचांनी काउंटरवर चारपाच डबे मांडले. एरवी असल्या खरेदीत दादा पुढे असतो. त्या दिवशी तो एक पाऊल मागे सरकला आणि वहिनींना म्हणाला, "आता तूच निवड. मले समजत नाई." वहिनींनी प्रत्येक डबा हातावर तोलून पाहिला आणि मोठ्या खात्रीने सगळ्यांत हलका उचलला. चाचा पोट धरून हसले.

"भाभी, वांगं नाई हे! वांगं हलकं पाहा, बिया कमी. फिल्टर जड पाहा, माल जास्त."

जन्मभर वांगी निवडलेला तो हात! वहिनीही तोंडाला पदर लावून हसल्या, दादा तर मणका विसरून हसला. मग मात्र वहिनींनी चाचांना विचारत विचारत एकेक डबा उलटा करून नीट पाहायला सुरुवात केली. आधी आपल्याच गाडीच्या इंजिनाचा नंबर जुळतो का ते पाहिलं, कारण दिसायला सारखे असलेले दोन डबे आतून वेगळे असू शकतात. पत्रा दाबून पाहिला. तोंडावरचं रबरी कडं बोटाने चेपून पाहिलं. एकाचं कडक होतं, तो बाजूला गेला. छिद्रांतून आत डोकावून रबराचा पडदा आहे का ते पाहिलं. गाडी रात्रभर उभी असली तरी हा पडदा ऑइल खाली उतरू देत नाही, म्हणजे पहाटे इंजिन कोरडं फिरत नाही. एका चकचकीत लाल डब्याची अक्षरं पुसट होती आणि खोक्याचं सील आधीच उचकटलेलं होतं. चाचांनी तो स्वतःच मागे टाकला. शेवटी एक साधा, मळकट निळ्या रंगाचा, हाताला भरीव लागणारा डबा वहिनींच्या ओंजळीत राहिला.

त्या डब्याकडे पाहताना माझ्या मनात आदर दाटून आला, हे सांगताना मला मुळीच संकोच वाटत नाही. इंजिनाची गर्जना सगळ्यांना ऐकू येते, चाकांची धाव सगळ्यांना दिसते. पण पोटाशी कुठेतरी अंधारात बसून, आलेला प्रत्येक थेंब तपासून पुढे सोडणाऱ्या या कागदाची आठवण कुणाला असते? तो गाळ घेतो आणि परत देत नाही. चहाची गाळणी आपला चोथा झटकून मोकळी होते. हा मात्र सगळं आत ठेवून घेतो, आणि म्हणूनच त्याला धुता येत नाही. बसस्टँडवर टायरपाशी मुकाट उभ्या असलेल्या वहिनी मला त्या दुकानात पुन्हा दिसल्या. ऐकलेलं सगळं त्यांनीही आतच ठेवलं होतं, आणि आमच्या घरात पोचलं होतं ते निर्मळच. हे मी त्यांना बोललो नाही. मास्तरचं व्याख्यान म्हणून त्यांनी हसून उडवून लावलं असतं.

आणि असा तो रविवार उगवला. दादाची एक जुनी पद्धत आहे, फिल्टर बसवण्याआधी त्याच्या डब्यावर तारीख लिहायची. माझ्या खिशातला शाळेचा मार्कर मागून घेऊन तो बाजेवर बसला, डबा मांडीवर घेतला आणि आमच्याकडे पाठ करून लिहू लागला. तारखेला एवढा वेळ कशाला लागतो, म्हणून मी थट्टाही केली. मग वहिनींनी नव्या ऑइलचं एक बोट त्या रबरी कड्यावरून गोल फिरवलं, बाळाची टाळू भरावी इतक्या हळुवार हाताने. गाडीखाली सरकून त्यांनी फिल्टर फिरवत बसवला, रबर टेकल्यावर पाऊण फेरा हातानेच आवळला आणि बाहेर येऊन ती जवसाच्या रंगाची धार इंजिनात सोडली.

चावी फिरली. लाल दिवा लागला. आम्ही तिघेही श्वास रोखून त्या दिव्याकडे पाहत होतो. इंजिन धडधडलं, आणि दिवा विझला. वहिनींनी दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले आणि डोळे मिटून घेतले.

नवा फिल्टर बसवला की खाली वाकून ऑइल झिरपत नाही ना, हे पाहावं लागतं. दादाला वाकता येत नाही, म्हणून मी बारदाना अंथरून गाडीखाली शिरलो. इंजिनाची ऊब तोंडावर आली. निळ्या डब्याच्या कडेला ताज्या ऑइलचं एक पुसट बोट उमटलं होतं, उन्हाची तिरीप त्यावर पडून ते पिवळं चमकत होतं. त्याच्या शेजारी तारीख होती. आणि तारखेखाली, कुणाला कधी दिसू नये अशा त्या जागी, दादाच्या वळणदार अक्षरांत एकच शब्द होता: सुशीला.

मी तसाच पडून राहिलो. वरून दादाचा आवाज आला, "काय रे, कुठी गळून राह्यलं काय?"

"नाई दादा," मी म्हणालो, "काईच गळलं नाई."