मिरचीच्या कारखान्यातला रेघांचा कागद

सातवीत माझी शाळा सुटली. गाव जत तालुक्यात, म्हणजे राज्याच्या पार दुसऱ्या टोकाला. इथं नंदुरबारला मिरचीच्या कारखान्यात मी तिखटाची पाकिटं भरते. हे काम गेलं तर दुसरीकडं मला कुणी ओळखतही नाही, म्हणून जिवाला कायम घोर.

त्यात शेठनी पुण्याहून एक सर बोलावले, कमी दमणुकीत जास्त माल कसा निघेल ते शिकवायला. पन्नाशीचे, तिखट डोळ्यांत गेलं तरी शेडमधून न हलणारे. पहिल्याच दिवशी त्यांनी कागदावर शेडचा नकाशा काढला आणि मी जाईन तिथं पेन्सिलीनं रेघ ओढत उभे राहिले.

शेजारी काम करणारी मावशी इथलीच. हळूच म्हणाली, "तुन्हा फिराना नकाशा काढी ऱ्हायना तो. आते शेठले समजी, तू दिवसभर कितली भटकस."

थट्टाच होती, पण मी धसका घेतला. दुसऱ्या दिवशी लवकर येऊन दाराजवळच्या कपाटातून दिवसभराची रिकामी पाकिटं नि खोकी वजनकाट्यापाशी रचली, म्हणजे जागचं हलायलाच नको. ढीग वाटेत आला. तिखटाची ढकलगाडी अडकली, चक्की थांबवावी लागली. सुपरवायझर ओरडला. सरांनी कागदावर काट मारली. "आजचं बाद. ताई, उद्या रोजच्यासारखं काम करा. परीक्षा तुमची नाही, या शेडची आहे."

शाळेत चुकलं की छडी बसायची. हे सर चूक झाली की आधी जागा बघायचे, मग माणूस.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी कागद भिंतीवर लागला. माझ्या काट्यापासून दाराजवळच्या कपाटापर्यंत रेघांचा नुसता काळा पट्टा. मी मावशीच्या मागं सरकले.

"पाकिटांचं कपाट दाराशी कुणी ठेवलं?" सरांनी विचारलं.

"मीच," शेठ म्हणाले. "नजरेसमोर असावं म्हणून."

"मग या रेघा तुमच्या. ताई, कपाट कुठं हवं?"

इतक्या वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. "काट्याच्या डावीकडं," मी म्हणाले. "उजव्या हातानं मी भरते." कपाट लगेच हललं. एका बाजूनं सरांनीच उचललं.

पुढच्या आठवड्यात काम इतकं सुटसुटीत झालं, की माझं नि मावशीचं मिळून एकीनं होईल हे मलाच दिसायला लागलं. सरांना नळापाशी गाठलं. "सर, आता आमच्यातली एक जास्तीची झाली. मीच परगावची."

"शेठनी मला सुरुवातीलाच शब्द दिलाय. यापायी कुणाला काढायचं नाही."

"तुम्हाला दिलाय. आम्हाला कुठं दिलाय?"

एवढा धीर कुठून आला कोण जाणे. सरांनी नळ बंद केला. मग म्हणाले, "बरोबर आहे तुमचं."

त्याच संध्याकाळी काम सुटायच्या आधी त्यांनी सगळ्यांना शेडमध्ये जमवलं. शेठ खाली बघत पुटपुटले, कुणाचंही काम जाणार नाही, मोकळी होईल तिला पाकिटं चिकटवायचं मशीन शिकवू.

"शेठ, मागच्यांना ऐकू गेलं नाही," सर म्हणाले.

दुसऱ्यांदा शेठ आमच्याकडं बघून बोलले.