सुतळीपर्यंतचं पाणी

फोन आला तेव्हा मी पेडण्याच्या ऑफिसात गणूमामाचीच नदी काढत होतो. होऊ घातलेल्या कंटेनर टर्मिनलच्या नकाशावर जुन्या फेरीबोटीचा धक्का नेमका कुठे दाखवायचा, हे त्याला विचारायला मोबाईल उचलला, तर तो हातातच वाजला. मामी होती. मामा नदीवरून आला, पाय धुतले, चहा मागितला आणि कप हातात घेण्याआधीच गेला... महिना उलटला, तरी नकाशात काही अडलं की हात मोबाईलकडे जातो.

मामा माझ्या आईचा धाकटा भाऊ, चोपड्याचा. डिचोलीकडच्या खाणींचं खनिज वाहणाऱ्या बार्जवर त्याने उभा जन्म सुकाणू धरलं. बार्ज कधी गाळात रुतवली नाही, हा त्याचा एकुलता एक अभिमान. खाणी थांबल्या आणि तो घरी बसला. टर्मिनलसाठी नदी ठाऊक असलेलं माणूस हवं होतं, म्हणून मीच त्याला ऑफिसात नेलं. आवारात एक रिकामा कंटेनर होता. मामाने तो बोटांनी ठोकून पाहिला, खालचे चारी कोपरे चाचपले, दाराला कान लावला. ही पेटी ट्रकवरून रेल्वेवर, रेल्वेवरून बार्जवर जाते आणि मध्ये कोणी ती उघडत नाही, असं मी सांगितलं.

"पेटयेत काय आसा ता डायवराक पण म्हायत नसता?" त्याने विचारलं.

नसतं, म्हटलं. मग इतक्या लांब जाताना त्याला चैन कशी पडते, हा प्रश्न मामा त्यानंतर पंधरा दिवस मला विचारत होता.

बार्जच्या धक्क्यासाठी त्याने नदीचं एक वळण दाखवलं. तिथे दोन पुरुष पाणी, असं छातीठोक सांगितलं. त्यावर नकाशा झाला. मग मोजणीची बोट आली आणि ओहोटीला तिथे जेमतेम छातीइतकं पाणी निघालं. पुण्याहून आलेला तरुण इंजिनीअर हसून म्हणाला की काकांच्या आठवणी छान आहेत, पण नकाशात चालायच्या नाहीत. नदीचा भागच वगळून नुसता रस्ता आणि रेल्वे ठेवायचं बोलणं सुरू झालं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मामा बाहेर पायरीवर बसला होता.

"आमका भरतीचाच पाणी म्हायत, बाबा. सुकतीक भरलेली बार्ज कोण काढता?"

खरंच होतं ते. भरलेल्या बार्ज भरतीलाच निघायच्या, त्यामुळे बार्जवाल्याच्या तोंडी खोली यायची ती भरतीचीच. कुणी विचारलं नाही, त्यानेही सांगितलं नाही. हे आत जाऊन सांगूया म्हटलं, तर उठलाच नाही. दुसऱ्या दिवसापासून मात्र रोज ओहोटीला होडी घेऊन निघायचा, बांबू नदीत उभा धरायचा आणि पाणी जिथवर येईल तिथे सुतळी बांधायचा. घरी येऊन फोनवर मला आकडा सांगायचा आणि सुतळी सोडायचा. शेवटच्या फोनवर म्हणाला, जुन्या फेरीच्या धक्क्याखाली बघायचंय, पण उद्या, अमावास्येची ओहोटी पुरी झाल्यावर. त्याहून खाली पाणी जात नाही.

तो आकडा सांगायचा राहिला.

बाराव्यानंतर मामीने बांबू माझ्या हाती दिला. सुतळी तशीच होती, माझ्या डोक्याच्याही हातभर वर. मामाची खोली भरतीची होती, हे सांगून आणि गळ घालून मी पुढच्या अमावास्येच्या ओहोटीला इंजिनीअरची बोट जुन्या फेरीच्या धक्क्याखाली नेली. यंत्राने खोली दाखवली, तरी त्याने मला बांबूही सोडायला सांगितला. पाणी सुतळीला टेकलं आणि थांबलं.

"भरतीचं की ओहोटीचं, एवढंही मी विचारलं नव्हतं त्यांना," इंजिनीअर म्हणाला.

ओहोटीलाही तिथे बार्जपुरतं पाणी होतं, म्हणून नदी नकाशात राहिली. बांबू आता ऑफिसच्या कोपऱ्यात उभा असतो. परवा झाडणारी बाई सुतळी सोडायला गेली, तर इंजिनीअरनेच तिला थांबवलं. मामाला मी रोजच्या रोज सगळं सांगायचो... हे तेवढं राहिलं. मामा, पाणी बरोबर होतं.