ड्रायव्हरांचा आजार

"ह्यांनी बसमध्ये बसायला मधे भोक असलेली उशी घेतलीय, आई," सून फोनवर सहज बोलून गेली. तेव्हापासून माझ्या जिवाला घोर लागला आहे. तशीच उशी माझ्या मुलाचे बाबा वापरायचे.

तेही बस चालवायचे. उभ्या प्रवाशाचा हात दांडीवरून सुटला तरी तोल जाणार नाही, इतका मऊ ब्रेक. म्हणून डेपोत सगळे त्यांना 'लोणी' म्हणत.

शौचातून रक्त पडू लागलं तेव्हा त्यांनी ते मला नाही, आधी डेपोच्या कँटीनमध्ये सांगितलं. तिथे हशा पिकला.

"लोण्या, आता तू पक्का ड्रायव्हर झालास! मूळव्याधीशिवाय पेन्शन मिळत नाही बाबा."

तिथे प्रत्येकाला मूळव्याध होती आणि प्रत्येकाकडे त्यावरचं मलम. हेही एक घेऊन आले. मग उशी आली, तिखट बंद झालं, इसबगोल सुरू झालं. मी डॉक्टरांचं नाव काढलं की म्हणायचे, "अगं, बसून बसून होतं हे. त्यासाठी काय इंजिन उघडायचं?" पोट कधी साफ, कधी नाही. चेहरा पांढराफटक पडला. गणवेशाची पँट मी दोनदा आत घेतली.

तपासणी झाली तोवर आतड्याचा कॅन्सर यकृतापर्यंत पोचला होता. डॉक्टर म्हणाले, आधी आतड्यात बहुधा मांसाचा एक लहानसा कोंब असतो. वर्षानुवर्षं काही त्रास देत नाही. तेव्हा दुर्बिणीने बघितलं तर तिथल्या तिथे काढून टाकता येतो.

भेटायला आलेल्या ड्रायव्हरांना आमचे हे म्हणाले, "लेको, रक्त दिसलं तर कँटीनला विचारू नका." त्या दिवशी कोणी हसलं नाही.

मुलाचीही तपासणी चाळिशीपर्यंत करून घ्या, असं डॉक्टरांनी तेव्हाच बजावलं होतं. चाळिशी उलटली. विषय काढला की तो म्हणतो, "आई, दुर्बीण आकाशाकडे लावतात गं!" आणि मला हसू येतं. विषय तिथेच राहतो. मागाहून त्या हसण्याचाच राग येतो.

मूळव्याध असेलही. असली तर देव पावला म्हणेन. पण आत बघितल्याशिवाय ते कळायचं कसं?

त्याला आत्ताच फोन लावते. झोपमोड केली म्हणून चिडेल, तर चिडू दे. आधी एवढंच विचारीन, "रक्त पडतंय का रे?" पडत असो वा नसो, रजा टाकायला लावीन. दवाखान्यात सोबत मीच जाईन.