पुढच्या सीटवरचं फडकं

आमच्या जुन्या गाडीचा एसी कधीच मेला. पावसाळी गार हवा सुटली की काच आतून धुरकट होणार आणि पुढच्या सीटवर बसलेल्या सासूबाई ती पुसणार, हे ठरलेलं. त्यासाठी त्यांच्या पिशवीत जुन्या धोतराचं खास फडकं असायचं. मी लग्न झाल्यापासून मागे, डब्यांच्या सोबतीला. त्या सीटवर माझा डोळा होता, खोटं कशाला बोलू.

मग धाकट्या दिराने घोडबंदर रोडला फ्लॅट घेतला आणि नवी गाडीही. वास्तुशांतीच्या सकाळी तो आणि जाऊ आईंना न्यायला आमच्याकडे कोपरला आले. आता काही महिने त्या तिकडेच राहणार होत्या. "जाऊ दे गं, तेवढाच बदल," नवरा म्हणाला. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड. इतकी वर्षं पथ्यपाणी मी करायचं आणि जावेच्या गाडीत बटण दाबलं की काच साफ होते, याचं कौतुक आईंनी सगळ्या बिल्डिंगला सांगायचं.

त्या दिवशी पुढची सीट मला मिळाली. काच धुरकटली तशी मी ऐटीत फडकं शोधायला गेले, तर ते आईंबरोबर गेलेलं. मग मांडीवरच्या पुरणपोळ्यांच्या डब्याला गुंडाळलेलं फडकं सोडलं आणि फिरवलं जोरात. ते तुपाने माखलेलं होतं, हे समोरच्या ट्रकचे दिवे काचभर पसरले तेव्हा कळलं. नवऱ्याने शीळफाट्याच्या अलीकडे गाडी कशीबशी बाजूला घेतली.

मागून येणारा दीरही थांबला. आई छत्री घेऊन उतरल्या, आधी काचेकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"ऊठ," म्हणाल्या.

मी मुकाट मागे गेले. त्यांनी वर्तमानपत्राचा ओला बोळा घासघासून तूप काढलं, फडक्याने काच कोरडी केली आणि बसल्या त्या बसल्याच. जाऊ बोलवायला आली.

"तुम्ही व्हा पुढे. तुमच्या गाडीत मला कामच नाही काही, नुसती झोप येते."

पूजा, जेवणं आटोपली तशी त्यांनी दिराला सांगितलं, "माझी बॅग यांच्या गाडीत टाक. हिला काच पुसता येत नाही."

जावेचा चेहरा उतरला. मला मेलं काय गार वाटलं.

"ताई, तुमचा एसी दुरुस्त का नाही करून घेत?" तिने विचारलं.

"नाही करायचा," मी म्हटलं आणि डबे घेऊन मागे बसले.