ग्राफमध्ये उमटलेली रांगोळी

आधीच सांगून टाकतो, आमच्या बिल्डिंगमध्ये मी नास्तिक म्हणून बदनाम आहे. अमावस्येला नाक्यावर कोणीतरी ठेवलेला नारळ मी एकदा चक्क घरी आणला होता आणि बायकोला, म्हणजे मीनलला, म्हटलं होतं, चटणी कर. तिने केली नाही आणि वर माझ्याशी बोलणं टाकलं, ती गोष्ट वेगळी. 'मला एक अनुभव आला' असं लिहायची वेळ माझ्यावर येईल, असं कोणी तेव्हा सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. पण या साइटवरचे लोकांचे अनुभव बरेच दिवस गुपचूप वाचतोय... आणि हा एक प्रसंग असा आहे की तो मनात कुठल्या कप्प्यात ठेवावा, तेच मला अजून कळलेलं नाही.

२००८ च्या आसपासची गोष्ट. थंडीचे दिवस — भाईंदरला जेवढी पडते तेवढी. गिरगावातून इथे येऊन आम्हाला बरीच वर्षं झाली होती. भाईंदर पूर्वेला केबिन रोडवरून आत वळलं की आमची चार मजली बिल्डिंग, त्यात तिसरा मजला. घरात मी, मीनल आणि आई. समोरच्या दारात हंसाबेन.

आईची ओळख म्हणजे तिची दारातली रांगोळी. रोज सकाळी उंबरठ्याबाहेर गेरूचा हात, त्यावर ठिपके, आणि मग चिमूट न सोडता एका रेघेत सगळे ठिपके जोडायचे. रोज वेगळी. पण दसऱ्याला आणि गुढीपाडव्याला एक ठरलेली असायची, तिच्या माहेरची, आणि ती कधीच पूर्ण नसायची. वरच्या उजव्या कोपऱ्यात येऊन रेघ थांबायची, चार ठिपके तसेच उघडे. तिथे ती हळद-कुंकू वाहायची आणि उठायची. कारण ती दोघींची रांगोळी होती. आई आणि तिची मोठी बहीण, म्हणजे तिची ताई आणि आमची माई मावशी, राजापूरकडच्या त्यांच्या अंगणात ती मिळून काढायच्या. सुरुवात आईची, शेवट मावशीचा. पुढे आई लग्न होऊन मुंबईला आली आणि काही वर्षांत मावशी गेली. शेवट कसा करायचा हे आईने कधी विचारूनच ठेवलं नव्हतं. हंसाबेन दर दसऱ्याला म्हणायच्या, "मासी, इसको पूरा करो ना, कितना मस्त बना है." आई हसून म्हणायची, "वो मेरा काम नहीं है."

त्या वर्षी गणपतीच्या तोंडावर आईला पॅरालिसिसचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, त्यांना समजतंय सगळं, डावा हात चांगला आहे, सराव केला तर बोलणंही थोडंफार येईल. पण आईनेच सोडून दिलं होतं. बोलायला शिकवणाऱ्या मॅडम घरी यायच्या, पाटी-पेन्सिल पुढे धरायच्या, आई डोळे मिटून घ्यायची. घास भरवायला गेलं की मान भिंतीकडे. हंसाबेननी प्रेमाने आमच्या दारात प्लास्टिकची स्टिकरवाली रांगोळी आणून चिकटवली, तर आईने ती एकदा बघितली आणि मग दाराकडे बघणंच बंद केलं. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "यांनी मनावर घेतलं नाही ना, तर जे आहे तेही जाईल." रोज ऑफिसला निघताना मला भीती वाटायची. सरळच सांगतो, खूप भीती वाटायची.

ऑफिस काशीमीऱ्याला, एका कोल्ड स्टोरेजचं. फळं, आइस्क्रीम, औषधं ठेवायचं मोठं गोडाऊन. तिथल्या खोल्यांचं तापमान यंत्रं तासातासाला टिपायची आणि त्याचे ग्राफ काढणं माझ्या गळ्यात पडलं होतं. ऑफिसातल्या नायरने पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेची सीडी दिली आणि म्हणाला, "इसमें मॅटप्लॉटलिब है, तू जो बोलेगा वो ग्राफ बनाके देगा." डोंबल देगा. कित्येक दिवस मी त्या लायब्ररीशी, म्हणजे ग्राफ काढणाऱ्या त्या तयार प्रोग्रॅमशी, भांडत होतो. खालच्या तारखा एकमेकींवर चढायच्या. कुठली रेघ कशाची हे सांगणारी चौकट नेमकी रेघांवरच जाऊन बसायची. त्यात साहेबांना ग्राफ कंपनीच्या रंगात हवा, विटकरी पाठ आणि पांढरी रेघ. तो विटकरी जमवण्यात माझा अख्खा दिवस गेला.

त्या शनिवारी सुट्टी होती. जेवणं झालेली, मीनल भाजी आणायला केबिन रोडला गेलेली. हॉलच्या कोपऱ्यात माझा कॉम्प्युटर, तो जुना, मागे पोट सुटलेल्या मॉनिटरवाला. त्याला लागूनच आईची खुर्ची, कारण तिथे ऊन यायचं. हंसाबेन वाटीत उंधियू घेऊन आल्या होत्या आणि आईला एकेक चमचा भरवायला बघत होत्या. नेहमीसारखंच, फुकट. बाहेर सगळं निजल्यासारखं झालं होतं. खालून जाणारी रिक्षासुद्धा कुठेतरी लांब, दुसऱ्याच गावात चालल्यासारखी ऐकू येत होती. उन्हाच्या पट्ट्यात धूळ तरंगत होती, आणि माझेही डोळे जड झाले होते.

आता माझी चूक सांगतो. पायथनवाल्यांना लगेच कळेल, बाकीच्यांसाठी थोडक्यात. आडवे तास, उभं तापमान, दोन्ही पूर्ण आकड्यांत, म्हणून ठिपके आपोआप जाळीसारखे ओळीत पडतात. त्यातून रेघ काढायची तर आकडे आधी वेळेप्रमाणे लावून घ्यावे लागतात. नाहीतर लायब्ररी बिचारी फाइलमध्ये जसे येतील तसे ठिपके जोडत सुटते, रेघ मागे-पुढे धावते आणि पडद्यावर सुतरफेणी होते. मी वेगवेगळ्या खोल्यांच्या फाइली एकापुढे एक जोडल्या होत्या आणि क्रम लावायला विसरलो होतो. म्हणजे गुंताच यायला हवा होता.

ग्राफची खिडकी उघडली. विटकरी रंग आला, त्यावर पांढरे ठिपके आले. रेघ नाही. मी मनातल्या मनात एक शिवी हासडली. आणि मग... रेघ यायला लागली. हळूहळू, एका ठिपक्यावरून दुसऱ्यावर, चिमटीतून पूड सुटावी तशी. ज्यांनी ही लायब्ररी वापरलीय त्यांना माहीत असेल, ती असं करत नाही. जे काढायचं ते एकदम काढून मोकळी होते. मला वाटलं, मशीन हँग होतंय. तेवढ्यात हंसाबेनचा चमचा हवेतच थांबला.

"अरे... ये तो मासी का है," त्या हळूच म्हणाल्या. "दशेरावाला."

मी नीट बघितलं. तीच होती. लहानपणी सणाच्या सकाळी खेळायला पळताना जिच्यावरून उडी मारून मी ओरडा खायचो, तीच.

आईने मान वळवली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा ती आपणहून कशाकडे तरी बघत होती. ती पुढे झुकली. जो हात उचलावा म्हणून आम्ही तिच्या विनवण्या करायचो, तो डावा हात मांडीवरून उठला आणि तिने बोट काचेवर टेकवलं. मग बोट आणि रेघ बरोबर चालायला लागली. मला जराही भीती वाटली नाही, याचं आजही नवल वाटतं. लहानपणी तापात पडलेलो असताना उघड्या दारातून आईची पाठ दिसायची, ती वाकून रांगोळी काढत असायची, आणि वाटायचं की आता सगळं ठीक आहे. अगदी तसंच वाटत होतं.

वरचा उजवा कोपरा आला. बोट थांबलं, रेघही थांबली. चार ठिपके उघडे. मला वाटलं, झालं, संपलं, दरवर्षीसारखं. आई त्या कोपऱ्याकडे बघत राहिली. माझ्या तोंडून नकळत गेलं, "आई, पुढे..."

आणि रेघ पुढे निघाली. आपल्याला वाटेल त्याच्या बरोब्बर उलट्या बाजूने, सगळ्यात बाहेरचा ठिपका आधी घेऊन ती आत वळली, उरलेले ठिपके घेतले आणि जिथून निघाली होती तिथे जाऊन मिळाली. त्या वळणावर बोट पुढे होतं की रेघ पुढे होती, यावर आमचं अजून एकमत नाही. हंसाबेन शपथेवर सांगतात, बोट. मी म्हणतो, रेघ.

"ताई," आई म्हणाली.

जड, अर्धवट, पण स्पष्ट. हंसाबेन रडायलाच लागल्या. मीही रडलो, लपवत कशाला.

मग माझ्यातला शहाणा जागा झाला. म्हटलं, हे सेव्ह करायला हवं. माझ्या प्रोग्रॅममध्ये चित्र दाखवायची ओळ आधी आणि सेव्ह करायची ओळ नंतर होती, म्हणजे खिडकी बंद केली की फाइल तयार होणार. मी बंद केली. नवशिक्याची ही हमखास चूक — खिडकीबरोबर चित्रही जातं आणि सेव्ह होतो कोरा पांढरा चौकोन. तोच झाला. विटकरी रंगसुद्धा उरला नाही. लगेच तोच प्रोग्रॅम, तीच फाइल, एक अक्षरही न बदलता परत चालवली. गुंता. एका झटक्यात, जसा यायला हवा तसाच. अंधार पडेपर्यंत मी चालवत बसलो. शेवटी आकड्यांचा क्रम लावल्यावर साहेबांना हवा होता तो साधा ग्राफ आला, आणि सोमवारी साहेब म्हणाले, रंग जरा फिका वाटतोय.

त्या संध्याकाळी आईने डाव्या हाताने वरणभात खाल्ला, अर्धा अंगावर सांडत. मीनल तिच्यासमोर बसून नुसती बघत राहिली. पुढच्या वेळी मॅडम आल्या तर आईने पाटी आपणहून ओढून घेतली. शब्द येत गेले, एकेक करून. पाडव्याच्या सकाळी तिने दारातला स्टिकर मला खरवडून काढायला लावला, बाहेर पाट मागितला, आणि डाव्या हाताने ती रांगोळी काढली. ठिपके वाकडे, रेघ थरथरलेली. पण पूर्ण.

त्याच दुपारी माई मावशीची मुलगी, सिंधूताई, राजापूरहून आली. जिना चढून आली आणि दाराशीच थबकली. आम्ही आत ये, आत ये म्हणतोय आणि ती पाऊलच टाकेना. मग तिथेच खाली बसली आणि त्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं.

"हे असं उलटं वळवायचं तुम्हाला कोणी सांगितलं?" ती म्हणाली. "ही माझ्या आईची रीत. मी लहान होते, तिच्या बाजूला बसून बघायचे. ती गेल्यावर आमच्याकडे कोणालाच जमलं नाही."

तिला तोवर आम्ही यातलं काहीच सांगितलेलं नव्हतं.

मी सगळ्या बाजूंनी विचार करून बघितला. आईला लहानपणचं आठवलं असेल, मान्य. पण मग पडद्यावर रेघ कुठून आली? योगायोग म्हणावा, तर ती अशी सावकाश का आली? भास म्हणावा, तर मला आणि हंसाबेनना एकच भास कसा होईल? नायरला विचारलं तर तो म्हणाला, "ग्राफिक कार्ड का लोचा होगा." असेल बाबा.

आई त्यानंतर बरीच वर्षं जगली, बोलली, आमच्याशी भांडलीसुद्धा. एकदा ती अशीच उन्हात बसलेली असताना माझा आणि हंसाबेनचा तो जुना वाद पुन्हा निघाला. मी म्हटलं, "आई, आता तूच सांग. त्या दिवशी पुढे कोण होतं? तुझं बोट की रेघ?" लांब वाक्यं तिला जमायची नाहीत. ती बराच वेळ शब्द शोधत राहिली.

"दोघी," ती म्हणाली. "मिळून."

ती कोरी पांढरी फाइल मी अजून ठेवलीय. कॉम्प्युटर बदलला की सगळ्यात आधी ती कॉपी करतो. तिच्यात काही नाही, हे मलाही दिसतं. आई गेली. आता दसऱ्याला आणि पाडव्याला ती रांगोळी मीनल काढते. वरच्या उजव्या कोपऱ्यापर्यंत येते, उठते आणि मला हाक मारते. तेवढे चार ठिपके मी जोडतो. बाकी रांगोळीतलं मला ओ की ठो कळत नाही, आणि त्या दुपारी काय झालं तेही अजून कळलेलं नाही.