पुढचा या!

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंना तिथली नर्स ‘गिरणी’ म्हणायची. वरून पेशंट ओता, खालून चिठ्ठ्या घ्या. बाईंना राग यायचा नाही. रागवायलाही अंगात काही शिल्लक लागतं.

फॅमिली मेडिसिनच्या रेसिडेन्सीला, म्हणजे घरच्या डॉक्टरकीच्या पुढच्या शिक्षणाला, त्यांनी आधी दोनदा अर्ज केला होता, पण गाडी मुलाखतीपर्यंतही गेली नव्हती. यंदा बोलावणं आलं. पुढच्या वर्षी वयाची अट आडवी येणार, म्हणजे आता नाही तर गिरणी जन्माची.

“नवरा, लेक, मी, तिघांची नाडी धरून बसलीयेस,” कपड्यांच्या घड्या घालता घालता सासूबाई म्हणाल्या. “आणखी कुठली फॅमिली शिकायची राहिली गं?”

“तुमचीच, आई. तुम्ही अजून कळला नाहीत.”

“मी कळायला डॉक्टरकी पुरायची नाही.”

मुलाखतीच्या दिवशीही रजा मिळाली नाही. सकाळची गर्दी उपसून बाई तशाच धापा टाकत पोचल्या. खोलीत टेबलामागं दोन परीक्षक आणि समोर एक पोक्तसा माणूस.

“हे पेशंटचं सोंग घेतील,” थोरले परीक्षक म्हणाले. “तुम्ही तपासा.”

“पाठ दुखते,” माणूस म्हणाला. “म्हणजे तशी बरेच दिवस, पण घरी...”

बाईंचा हात आपोआप चालू झाला. “ताप? पाय बधिर होतात? लघवीला त्रास? नाही ना? ही गोळी जेवल्यावर. शेकत जा.” चिठ्ठी फाडून त्याच्या हातात कोंबली आणि दाराकडं बघून खणखणीत हाक दिली, “पुढचा या!”

दार उघडलं. बाहेर ताटकळलेला पुढचा उमेदवार फाइल छातीशी धरून लगबगीनं आत आला. “नमस्कार सर!” सोंगातला पेशंटही बिचारा जायला उठला.

थोरल्यांनी चष्मा काढला. “बाई, अजून तुमचंच चाललंय. त्याला कशाला ओढता?”

उमेदवार ओशाळून मागं फिरला. बाईंची कानशिलं तापली. वाटलं, पर्स उचलावी अन् सुटावं. पण पायांनी साफ नकार दिला. त्यांनी पेन लांब सरकवलं.

“बसा हो. ‘पण घरी’ म्हणालात. घरी काय?”

माणूस पुन्हा बसला. वडील अंथरुणाला खिळलेत, म्हणाला. उठवायचं, बसवायचं, धुवायचं सगळं त्याच्याकडं. भाऊ सणावारी पाहुण्यासारखा येतो, तब्येतीवर भाषण देऊन जातो. बाईंनी मध्ये तोंड घातलं नाही. घालायचं त्राणही नव्हतं. तो थांबला तेव्हा एवढंच विचारलं, “तुमच्याकडं कोण बघतं?”

तो उत्तर देणार तोच वेळ संपल्याची घंटा वाजली.

“औषध काय देणार?” धाकट्या परीक्षकानं विचारलं.

“अजून ठरलं नाही. आधी भावाला बोलवून घेईन.”

“मग ती चिठ्ठी?”

“सवयीनं लिहिली. तिथं दवाखान्यात बसून ती सवय मोडत नाही सर, म्हणून तर इथं आले.”

थोरल्यांनी मान हलवली. ती कशासाठी, कळलं नाही.

निकाल फोनवर आला तेव्हा बाई नुकत्याच घरी पोचून चपला काढत होत्या.

“लागला नंबर?” सासूबाईंनी विचारलं.

“लागला.”

“मग मयतीहून आल्यासारखं तोंड का?”

“तीन वर्षं पुन्हा शिकाऊ, आई. वरचा साहेब माझ्याहून लहान असणार.”

“असू दे की. पोरासोरांचं ऐकायची सवय घरात लागलीयेच.”

बाई हसल्या. एक चप्पल निघाली होती. दुसरीसाठी वाकवेना, म्हणून तशाच पायरीवर बसून राहिल्या.